शेवटच्या प्रयोगाला मी

“शेवटच्या प्रयोगाला मी...” एवढं म्हणून बाबा थांबले आणि मी म्हणाले, “थांबा हं, दूध उतू जातंय.”

दूध खरंच उतू जात होतं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि स्वयंपाकघरात आलेच आहे तर म्हणून मटकी भिजत घातली. परत बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीतच होते, पण एका अंगाला कलंडलेले. उजवा हात खाली लोंबत होता आणि ओठांचा उजवा कोपरा घसरला होता. “बाबा, काय होतंय?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं, तोंडातून मात्र नुसती घरघर आली.

याला आता पाच महिने होतील. शेजारीपाजारी विचारतात, बाबा कसे आहेत. मी सांगते, बरे आहेत, जेवतात, काठी घेऊन संडासापर्यंत जातात. ते खोटं नाही. पण मला जे हवं आहे ते वेगळंच आहे. मला त्या वाक्याचा उरलेला भाग त्यांच्या तोंडून ऐकायचा आहे. मटकी भिजत घातली नसती तर तो तेव्हाच ऐकायला मिळाला असता, हे मी स्वतःला दिवसातून दहादा सांगते. तेव्हापासून घरात मटकी आणलेली नाही.

बाबा प्रॉम्प्टर होते. आताशा हा शब्दही फोडून सांगावा लागतो. नाटक चालू असताना विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला आडोशात, नाटकाचं हस्तलिखित बाड मांडीवर घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. पोटासाठी गिरणी होती. पहिली पाळी करून तीनला सुटायचे, चाळीत येऊन अंघोळ करायचे, आणि गिरणीपासून दोन गल्ल्या पलीकडे असलेल्या थिएटरात जायचे. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणत. गिरणीत मात्र त्यांना कोणी मास्तर म्हटल्याचं मला माहीत नाही.

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर विंगेत जायची. त्यांच्या स्टुलाशेजारी कपड्यांची पत्र्याची ट्रंक असे, तिच्यावर माझी जागा. मला शाळेत जे शिकवलं त्यातलं फारसं आठवत नाही, पण ट्रंकेवर शिकलेलं पक्कं आहे. शब्द द्यायचा तो फक्त पहिला. अख्खं वाक्य द्यायचं नाही, वाक्य नटाचं असतं. आवाज नटाच्या कानापर्यंत जायला हवा आणि तिथेच संपायला हवा. “पहिल्या रांगेला ऐकू गेलं की प्रॉम्प्टर मेला,” बाबा म्हणायचे. मी एकदा उत्साहाच्या भरात मध्येच शब्द दिला होता. नट नुसता श्वास घेत होता, विसरला नव्हता. बाबांनी मला पुढचे तीन प्रयोग घरी ठेवलं.

आमच्या थिएटरात काम करणारे निम्मे नट गिरणीतलेच. बहुतेक कोकणातले, एकेका गावच्या मंडळाचे. साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून खात्यात सगळं बोलणं हातांनी. तीच बोली हे लोक रंगमंचावर घेऊन आले. नट अडला की कानाच्या पाळीला बोट लावायचा. प्रेक्षकांना वाटे, विचार करतोय. बाबांना कळे, शब्द दे. आणि नट थांबलाय पण अडलेला नाही, पुढचं त्याचं त्याला येतंय, असं असेल तर तो तळहात खाली करून मांडीवर दोनदा हलकेच दाबायचा. थांब, मला येतंय. कान आणि तळहात, या दोन खुणांवर आमच्या थिएटरातली किती नाटकं शेवटच्या अंकापर्यंत पोचली असतील ते देव जाणे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या मुंबई मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. मुंबईतल्या जुन्या थिएटरांवर मास्तरांनी काहीतरी लिहावं, असा निरोप आला. बाबांना आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायची सवय, स्वतः लिहायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडत. मग ठरलं, ते सांगतील आणि मी लिहीन. मी शाळेत क्लार्क होते, तीस वर्षं दाखले लिहिण्यात गेली, अक्षर चांगलं आहे. रोज सकाळी चहा झाला की नाहूरच्या आमच्या बाराव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी ते खुर्चीत बसत आणि मी वही घेऊन समोर.

मला वाटलं होतं, चार दिवसांचं काम. बाबा सुरुवात करून बसले ग्रँट रोडपासून. तिथली नाटकघरं त्यांनी स्वतः पाहिली ती सिनेमाची झाल्यावर. पण ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. पारशी कंपन्या, त्यांचे रंगवलेले पडदे, गॅसचे दिवे. दिव्यांच्या उष्णतेने राजाच्या मिशा सुटायच्या आणि प्रॉम्प्टरला शब्दाबरोबर मिशीचीही खूण करावी लागायची. मग गिरगाव. गिरगावच्या थिएटरातल्या खुर्च्यांतले ढेकूण हे मराठी नाटकाचे पहिले टीकाकार, असं बाबांचं मत. कंटाळवाण्या अंकाला लोक उठून जायचे त्याचं अर्धं श्रेय ते ढेकणांना देत. मी म्हटलं, हे स्मरणिकेत कसं लिहू? “मी सांगतंय तां लिही,” ते म्हणाले. चिडले की ते मालवणीत जात.

गिरगावातली माणसं उपनगरांत गेली तशी तिथली थिएटरं ओस पडली. एकाचं गोदाम झालं, एकाचं लग्नाचं कार्यालय, एकाच्या जागी काय आहे ते बाबांना सांगता येईना, कारण ते मुद्दामच त्या रस्त्याने जात नसत. मग वहीत आलं आमचं थिएटर. चाळींच्या मधोमध, एकच बाल्कनी, लाकडी जिना, उजव्या विंगेत झिरोचा दिवा आणि बाबांचं स्टूल. शिमगा आणि गणपतीच्या आधी गावोगावच्या मंडळांची तिथे रीघ लागे. कोणाचं नमन, कोणाचा दशावतार, कोणाचं तीन अंकी सामाजिक नाटक. अख्खा गाव खाली खुर्च्यांत बसलेला असे. नायकाने नायिकेचा हात धरला की मागून कोणीतरी नायकाच्या आईला हाक मारून सांगे. बाबा हे सगळं सांगताना इतके हसायचे की मला लिहिणं थांबवावं लागे.

पुढे गिरण्या बंद पडल्या. माणसं बोरीवली, मुलुंड, नाहूर, डोंबिवली अशी विखुरली. थिएटरची इमारत धोकादायक ठरली, मग पाडायची ठरली, मग नवीन टॉवरच्या पोटात नवं नाट्यगृह होणार असल्याचा फलक लागला. पाडल्यानंतर लोकांनी सह्या गोळा केल्या. बैल गेला आणि झोपा केला. बाबांनीही सही केली, आणि त्याच दुपारी मला घेऊन मुलुंडच्या नाट्यगृहात गेले. एसी, गुबगुबीत खुर्च्या, गाड्यांना जागा. बाबांनी तिथल्या माणसाला विनंती करून विंग पाहिली. म्हणाले, “प्रॉम्प्टर कुठे बसतो?” तो माणूस म्हणाला, “आता नट पाठ करून येतात, काका.” बाबा म्हणाले, “म्हणजे आता कोणी विसरत नाही?” त्याला वाटलं, म्हाताऱ्याने विनोद केला. तो हसला. बाबा हसले नाहीत.

आमच्या थिएटरातला शेवटचा प्रयोग एका मंडळाचाच होता, दुपारचा. बाबा तेव्हा निवृत्त झालेले, पण शेवटच्या प्रयोगाला मास्तरच हवेत म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मी गेले नव्हते, शाळेत परीक्षा होत्या. त्या संध्याकाळी बाबा घरी आले, पाय धुतले आणि न जेवता झोपले. मी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. वहीत तो दिवस येईल तेव्हा ते आपणहून सांगतील, अशी माझी समजूत. तो दिवस वहीत आला, त्यांनी सांगायला घेतलं, आणि दूध उतू गेलं.

मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या ज्या भागातून शब्द येतात तिथे मार बसला आहे. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. पहिले सहा महिने महत्त्वाचे, त्यात जे परत येईल ते येईल. स्पीच थेरपीसाठी एक मुलगी नेमून दिली. माझ्या निम्म्या वयाची, सरळ, गोड स्वभावाची. पहिल्याच दिवशी तिने बाबांना पेला दाखवून विचारलं, “काका, हे काय आहे?” बाबांचे ओठ हलले. मी म्हणाले, “पे...”

“मॅडम, तुम्ही शब्द देऊ नका ना,” ती म्हणाली. “त्यांना शोधू दे. वेट करा.”

“अगं, फक्त पहिलं अक्षर दिलं.”

“तेपण नको. तुम्ही दिलंत की त्यांचा ब्रेन शोधायचा बंद होतो.”

मला तिचा राग आला. ही कालची पोर, मला शिकवते. आमच्या घरात शब्द देणं ही माया होती, तेवढी एकच कला आम्हाला येत होती. तिच्यासमोर मी तोंड मिटून बसायला लागले आणि ती गेली की दुप्पट शब्द द्यायला लागले. बाबांनी खिडकीकडे पाहिलं की “खिडकी? बंद करू?” ताटाकडे पाहिलं की “मीठ? आमटी? भात नको?” मला खात्री होती, योग्य शब्द कानावर पडला की कुलूप उघडेल. मी नटांना उघडताना पाहिलं होतं ना.

त्या दिवसांत बाबांना एक सवय लागली. मी काही विचारलं, ओठ हलायला लागले, की त्यांचा चांगला डावा हात चादरीवर उपडा पडायचा आणि चादर दाबायचा. मला वाटे, चादर चुरगळली आहे, टोचते आहे. मी उठून चादर नीट करायची. कधी वाटे, गरम होतंय, पंखा वाढवायची. कधी वाटे, लघवीला लागली, आणि भांडं आणायची. परत येईपर्यंत त्यांचे ओठ मिटलेले असत. हे असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही, आणि मोजायची माझी हिंमतही नाही.

तिकडे मंडळाचे फोन सुरू झाले. सगळे लेख आले, मास्तरांचा तेवढा राहिलाय. माझ्याकडे सगळं होतं, ग्रँट रोड, गिरगाव, ढेकूण, मिशा, मुलुंडची विंग. नव्हता तो फक्त शेवट. मग मी एका सकाळी वही घेऊन बसले आणि विचारायला लागले. “शेवटच्या प्रयोगाला तुम्ही काय केलंत? नारळ वाढवलात?” बाबांनी मान हलवली, नाही. “घंटा दिलीत? तिसरी घंटा तुम्ही दिलीत?” नाही. “भाषण केलंत?” नाही. हात चादरीवर दाबत होता. मी चादर सारखी केली. “पडदा ओढलात? स्टूल घेऊन आलात? कोणाशी भांडलात?” नाही, नाही, नाही. असं अर्धा तास चाललं. शेवटी मी म्हणाले, “स्टेजवर जाऊन डोकं टेकवलंत, हो ना?” आणि बाबांनी मान डोलावली. हो.

मला केवढा आनंद झाला. मी तो शेवट मन लावून लिहिला. पडदा पडल्यावर सगळे निघून गेले, आणि ज्या माणसाने जन्मभर कडेला बसून शब्द दिले तो एकदाच मध्यभागी आला आणि त्याने त्या फळ्यांवर कपाळ टेकवलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असंच लिहिलं होतं, आणि आलंही. स्मरणिका निघाली, लोकांचे फोन आले. मी तो लेख बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटाशी आले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, भरून आलं.

पंधरा दिवसांनी एक फोन आला. खर्जातला बाईचा आवाज. “मास्तरांच्या घरचाच नंबर ना? ते पुस्तकात खोटं कोणी लिहिलंय?”

फोनवर त्या शेवटच्या प्रयोगातल्या नायिका होत्या. गावच्या मंडळांत बायका काम करत नसत, म्हणून नायिकेसाठी बाहेरून नटी बोलवत. या बाई त्यांतल्याच. चार मंडळांत चार नाटकं, एखाद्या तालमीवर उभ्या राहायच्या. लहानपणी मी त्यांना विंगेतून शेकडो वेळा पाहिलं होतं, त्यांच्या पदराला हळूच हात लावला होता. मी बाबांना काय झालंय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ये तू इकडे. फोनवर नाही सांगता येत.”

बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना दुपारभर बसवून मी वाकोल्याला गेले. दोन बस बदलाव्या लागल्या. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वच्छ, भिंतीवर एकही फोटो नाही. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. चहा त्यांनी स्वतःच केला, मला उठू दिलं नाही.

“तुझा बाप नसता तर मी कधीच उपाशी मेले असते,” त्या म्हणाल्या. “सोमवारी एक नवरा, बुधवारी दुसरा, शनिवारी तिसरा. नाव विसरले की मास्तर विंगेतून नवरा द्यायचा. चाळीस वर्षं एकदाही चुकीचा नाही दिला.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“पण तो स्टेजवर नाही आला गं त्या दिवशी. सगळ्यांना वर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मास्तर मास्तर म्हणून हाका मारल्या. आलाच नाही. डोकं बिकं कुणी टेकवलं नाही. मी तिथेच उभी होते ना शेवटपर्यंत.”

“पण त्यांनी मान डोलावली,” मी म्हणाले. “मी विचारलं आणि ते हो म्हणाले.”

“तू विचारलंस किती वेळ?”

अर्धा तास, असं म्हणायला जीभ उचलेना.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “तिसरा अंक. मी खिडकीपाशी. खिडकीपाशी मी...” आणि थांबल्या. वय झालं होतं, शब्द निसटला होता. माझ्या तोंडून गेलंच, “उभ्या होतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नजर समोर, कुठेतरी जुन्या अंधाऱ्या प्रेक्षागृहात. पण त्यांचा उजवा हात मांडीवर उपडा झाला, बोटं जुळलेली, आणि साडीवर दोनदा हलकेच दाबला. मी गप्प बसले. थोडा वेळ गेला. “खिडकीपाशी पत्र वाचत होते,” त्या म्हणाल्या.

पुढचं त्या काय बोलल्या ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मला चादरीवरचा हात दिसत होता. थांब. मला येतंय. पाच महिने ते मला एवढंच सांगत होते, आणि मी चादर नीट करत होते, पंखा लावत होते, लघवीचं भांडं आणत होते. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. मी त्या खुणेवर वाढले आहे. माझ्याच वहीत, माझ्याच चांगल्या अक्षरात, तिच्याबद्दल अर्धं पान लिहिलेलं आहे. ते लिहिलेलं छापायला पाठवून मी त्यांच्यासमोर बसत होते आणि त्यांचा हात मला दिसत नव्हता. ती थेरपीवाली पोर दोन वाक्यांत जे म्हणाली ते बाबा रोज सांगत होते. त्यांना येत होतं. मी येऊ दिलं नाही. शेवटी ते थकले आणि मी दिलेल्या खोट्या शब्दाला हो म्हणून मोकळे झाले.

बाईंनी मला रडू दिलं. मग जे सांगायला बोलावलं होतं ते सांगितलं.

“पत्र वाचताना मी अडले. खरंच अडले, पार कोरी. मी कान धरला.” त्यांनी पाळीला बोट लावून दाखवलं. “आणि विंगेतून काहीच आलं नाही. मी थांबले. परत कान धरला. काही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग काहीतरी मनचं बोलले आणि अंक ओढला. आत येऊन बघते तर स्टुलावर बाड उघडं, दिवा चालू, माणूस नाही.”

“कुठे गेले होते?”

“ते मला कुठे माहितीये? म्हणून तर तुला बोलावलं. झोपला होता, रडत होता, की मुद्दाम गेला, काही कळलं नाही. त्यानंतर भेटच नाही. मी रागावलेली नाही, त्याला सांग. पण मला कळायला हवं गं. मी दोनदा कान धरला होता.”

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. मावशी गेल्या. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते, पायांवर चादर. मी खुर्ची घेतली नाही, त्यांच्या डाव्या हाताला जमिनीवर बसले, ट्रंकेवर बसायची तेवढ्याच अंतरावर.

“बाबा,” मी म्हणाले, “मला खूण कळली. फार उशीर केला. तुम्ही थांब म्हणत होतात.”

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. माफी मागायची होती, पण माफीचे शब्दही मीच बोलणार आणि ते ऐकणार, तेही नको वाटलं.

“वाकोल्याच्या बाई रागावलेल्या नाहीत,” मी म्हणाले. “त्यांनी विचारलंय.” आणि मग जे ट्रंकेवर शिकले होते तेवढंच केलं. फक्त पहिला शब्द दिला, त्यांच्या कानापुरता. “शेवटच्या प्रयोगाला...”

हात चादरीवर उपडा पडला. दोनदा दाबला. मी बसून राहिले. शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, लिफ्ट वर आली, खाली गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला, तो पुसायला हात शिवशिवत होता, तोही आवरला. जिभेवर शब्दांची गर्दी झाली होती. मी दातांनी ओठ धरून ठेवला. परत हात दाबला. ओठ एकमेकांवर आले, सुटले, परत आले.

“मी,” बाबा म्हणाले.

पाच महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द, आणि तो मी दिलेला नव्हता. मी श्वासही मोठ्याने घेतला नाही. “मी,” ते पुन्हा म्हणाले. “मी.” हात दाबला. पुन्हा दाबला. खिडकीतलं ऊन समोरच्या बिल्डिंगवर गेलं आणि तिथूनही गेलं. “मी. मी.” त्यापुढे रस्ता नव्हता. ते त्याच दारावर धडका देत होते आणि मी पाहत होते. मला कधी कोणाची इतकी दया आली नाही, आणि स्वतःचा इतका संतापही कधी आला नाही.

मग तो डावा हात चादरीवरून उठला. हळूहळू वर गेला आणि कानाच्या पाळीपाशी येऊन थांबला. बोट पाळीला लागलं.

शब्द दे.

जन्मभर दुसऱ्यांना शब्द दिलेला माणूस पहिल्यांदा मागत होता, आणि माझ्याकडे तो नव्हता. त्या वाक्याचं बाड कुठेच नाही. तरी मी द्यायला लागले, कारण कान धरलेल्या माणसाला गप्प राहून दाखवणं मला जमणार नव्हतं. रडलो. झोपलो. उठलो. बाहेर गेलो. घाबरलो. एकेक शब्द, हळू, त्यांच्या कानापुरता. प्रत्येक शब्दाला ते नाही म्हणून मान हलवत होते, आणि बोट कानावरून काढत नव्हते.